गुरुवारची ओल

जळगावात झाड पाण्यानं मेलं असं सांगितलं, तर लोक आपल्या तोंडाकडे बघत राहतात. आमच्याकडे झाडं उन्हानं मरतात. वैशाखात सकाळी टवटवीत दिसलेली तुळस दुपारपर्यंत मान टाकते. त्यामुळे इथल्या माणसाच्या हाताला एक सवयच लागलेली असते. पेल्यात घोटभर पाणी उरलं की पाय आपोआप कुंडीकडे वळतात. पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. ताजं पाणी भरलं की परवाचं शिळं पाणी झाडांना. यात कोणाचं काही चुकत नव्हतं. पण त्या वर्षी मला एक झाड पाण्यापासूनच वाचवायचं होतं आणि ते मी कोणाला नीट समजावून सांगू शकले नाही. समजावून सांगणं हा माझा पिंडच नाही. नाकावर माशी बसू देत नाही ही पोरगी, सासरी कसं व्हायचं हिचं, असं आई म्हणायची.

ही नव्वद सालाच्या आगेमागची गोष्ट. आई पौषात गेली. धुळ्याला भाड्याच्या तीन खोल्यांत तिनं सगळा संसार केला. नाना, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी एकुलती एक. जळगावात दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं, आणि तेव्हाही भेटलेलं प्रत्येक माणूस दुसऱ्या वाक्याला तिथेच यायचं.

आईच्या मागे राहण्यासारखं काही नव्हतं. लुगडी वाटली गेली. एक मंगळसूत्र होतं, ते नानांनी माझ्या हातात दिलं. राहिलं ते तिचं ब्रह्मकमळ. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं, चपट्या लांब पानांचं झाड. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, हे निवडुंगाच्या जातीतलं कसलंसं आहे, असं शहाणे लोक सांगतात. सांगू देत. आमच्या आळीत त्याला ब्रह्मकमळच म्हणत आणि ते फुललं की शेजारच्या बायका हळदीकुंकू घेऊन यायच्या. आई इतर वेळी कोणासमोर फार बोलायची नाही, पण त्या रात्री झाडाशेजारी पाटावर बसून सगळ्यांना त्याची माहिती सांगायची. तिला तेवढाच मान मिळायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. आई नसलेल्या माहेरी जायला माझे पाय उचलत नव्हते, पण नाना एकटे, म्हणून गेले. नानांनी आईच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, हात जोडले. मी मागच्या अंगणात गेले आणि तिथेच उभी राहिले. घरमालकाकडे लग्न होतं म्हणून सगळ्या भिंतींना चुना दिला होता आणि रंगाऱ्यांनी बादलीतला उरलेला चुना आईच्या डब्यात ओतून टाकला होता. माती पांढरी फटक. पानं पिवळी पडून लोंबत होती. नानांना ते दिसलंच नव्हतं. ते म्हणाले, "अगं, मला वाटलं उन्हानं झालंय."

मला फार राग आला. फांद्या एकेक करून चाचपल्या. सगळ्या मऊ पडल्या होत्या. एका कडेला, भिंतीकडे तोंड केलेल्या फांदीचं टोक तेवढं हिरवं होतं. वीतभर. ते विळीवर कापून घेतलं, कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी धुळे-जळगाव एसटीत मांडीवर धरून बसले. बस तापलेल्या तव्यासारखी झाली होती. शेजारची बाई दोनदा म्हणाली, "त्याला जरा पाणी शिंपडा ना." मी ऐकू न आल्यासारखं केलं. आईचं एवढंच आता जिवंत आहे, हे तिला काय सांगणार?

जळगावच्या बाहेर एका नर्सरीत म्हातारा माळी होता, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, आधी चार दिवस सावलीत नुसतं पडू दे, कापलेली कड वाळून खपली धरू दे. मग लावा. काळी माती वापरायची नाही, ती पाणी धरून बसते. नदीची जाड वाळू, विटेचा चुरा, थोडं मुरलेलं शेणखत. कुंडीच्या भोकावर खापरी, तिच्यावर कोळशाचे तुकडे. आणि पाणी चमच्यानं, तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच. "हे तहानेनं मरत नाही, बाई," तो म्हणाला. "ओलीनं मरतं. पावसाळा काढलात तर जिंकलात."

मी सगळं तसंच केलं. वाळू गिरणेची, चाळून घेतलेली. कापलेल्या कडेला हळद लावली. कुंडी जुनी होती, तिचं भोक खिळ्यानं मोठं केलं. लावल्यावर पंधरा दिवस ते पान होतं तसं उभं राहिलं, ना वाढलं ना सुकलं. मी रोज सकाळी जाऊन बघायचे. आमचे हे पाइपच्या कारखान्यात होते, पाळीला जाताना म्हणायचे, "आज तरी बोललं का तुझ्याशी?" मी म्हणायचे, तुमच्यापेक्षा जास्त बोलतं.

खरी पंचाईत घराची होती. तळमजल्यावर दोन खोल्या, आणि मागच्या भिंतीला चिकटून मालकाचा पाण्याचा हौद. भिंत गुडघ्यापर्यंत कायम ओली. वरच्या भागाला लोणा धरलेला. हात लावला की चुन्याची भुकटी पडायची. पावसाळ्यात तर आतल्या खोलीत कोरडं बसायला जागा राहायची नाही, गाद्यांना कुबट वास यायचा, लोणच्याच्या बरणीलाही बुरशी चढायची. अशा घरात हे निवडुंगाच्या जातीचं पान जगवायचं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. म्हणून मी कुंडी बाहेरच्या ओट्यावर ठेवली, दरवाज्याच्या उजव्या कोपऱ्यात. वर पत्र्याचं छप्पर होतं, सकाळचं ऊन यायचं, वारा लागायचा. खाली दोन विटा, म्हणजे फरशीचा ओलावा लागायला नको. शेजारी एक लाकडी खुर्ची होती, आल्यागेल्याला बसायला.

आषाढात पानाला मुळं धरली. हे मला कसं कळलं? हलकेच ओढून बघितलं तर पान हाताबरोबर आलं नाही, मातीनं धरून ठेवलं. मी तिथेच ओट्यावर बसून रडले. आई गेली तेव्हा लोकांसमोर रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

त्याच सुमाराला नानांना मुतखड्याचा त्रास सुरू झाला. आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर जळगावात होते, त्यांनी औषध सुरू केलं आणि दर आठवड्याला दाखवून जायला सांगितलं. नानांनी गुरुवार धरला. सकाळच्या एसटीनं यायचे, डॉक्टरांकडे जायचे, मग दुपारी आमच्याकडे तासभर ओट्यावरच्या खुर्चीत बसून परतीची गाडी धरायचे. डॉक्टरांनी माझ्यादेखत त्यांना बजावलं होतं, "मास्तर, पाणी भरपूर प्यायचं. इतरांच्या दुप्पट."

आता इथे एक रीत सांगायला हवी. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असं आमच्यात जुनी माणसं मानतात. आई ते कडक पाळायची. सहा वर्षांत चारपाच वेळा आली असेल, प्रत्येक वेळी फिरकीचा तांब्या भरून बरोबर. मी चहा केला की म्हणायची, "नको गं, आत्ताच घेतला." त्या फिरकीच्या तांब्याचा मला मनस्वी तिटकारा होता. तो दिसला की वाटायचं, ही माझ्या घरात बसून मला दर वेळी आठवण करून देते की तुझं घर अजून घर झालेलं नाही. आई होती म्हणून गप्प बसायचे. आई गेल्यावर, नाना पहिल्यांदा औषधासाठी आले त्या दिवशी, मी पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "नाना, आता ते जुनं सोडा. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

नानांनी पेल्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

मी आत गेले, परत आले तर पेला रिकामा. मला काय वाटलं हे कसं सांगू? कोणीतरी सहा वर्षं बाहेर उभं ठेवून शेवटी आत घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतर दर गुरुवारी मी दोनदोन पेले भरून ठेवायचे. जेवणाला नानांचा गुरुवारचा उपास असायचा, चहा डॉक्टरांनी बंद केलेला. पण पाणी मात्र संपलेलं असायचं. मी तो रिकामा पेला विसळायलाही उगाच वेळ लावायचे.

आणि इकडे पान खालून पिवळं पडायला लागलं.

आधी मला वाटलं, हवेची ओल. कुंडी भिंतीपासून आणखी वीतभर लांब सरकवली. मग वाटलं, भोक बुजलं असेल. काडी घालून साफ केलं. बोट घालून माती बघायचे. दोन दिवस कोरडी, तीन दिवस कोरडी, आणि मग एकदम चिखल. पाऊस नसतानाही चिखल. पानाच्या बुडाशी तपकिरी डाग आला, दाबला तर बोट आत गेलं. मी झाड उपटलं, सडलेला भाग कापला, राख लावली, पुन्हा चार दिवस वाळवून नव्या वाळूत लावलं. वीतभर होतं ते आता चार बोटं राहिलं. पुढच्या आठवड्यात माती पुन्हा ओली.

कोणीतरी पाणी घालत होतं. घरात मी, हे, आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या पूर्वेकडच्या, केळीच्या पट्ट्यातल्या गावच्या. त्यांचं सगळं आयुष्य बागेला पाणी देण्यात गेलेलं. केळीला पाणी कमी पडलं तर घर बसतं हे त्यांना माहीत होतं. नळाला पाणी आलं की शिळं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला घालणं हे त्यांचंच काम. नळाचा एक दिवस दर आठवड्याला गुरुवारी नाहीतर शुक्रवारी यायचाच. मला आणखी पुरावा नको होता.

एका शुक्रवारी सकाळी त्या बादली घेऊन ओट्यावर आल्या आणि मी त्यांच्यावर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य मात्र लिहिते, कारण ते मी बोललेच. "या घरात माझं काही जगू द्यायचंच नाही का तुम्हाला?"

आत्यांनी बादली खाली ठेवली. म्हणाल्या, "मी कायले घालू, माय? तू नही म्हनलं तवापासून मी हात नही लावला त्याले."

मला ते खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून मी समोर असले की आत्या तुळशीलाही पाणी घालत नसत. मी आत जायची वाट बघत. त्यांनी मला मूल नाही म्हणून सहा वर्षांत एक शब्द ऐकवला नव्हता. शेजारणींनी विषय काढला तर उठून जायच्या. त्या बाईला मी असं बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ती माफी मागायची राहिली ती राहिलीच. पुढे अनेकदा ओठांवर आली आणि मी भाजीला काय करायचं ते विचारलं.

श्रावणातल्या एका गुरुवारी नाना आले होते. मी दोन पेले भरून ठेवले, आत गेले. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली म्हणून मागच्या दारानं बाहेर पडून दोरीवरचे कपडे काढले. मागचं दार ओलीनं फुगलं होतं, बाहेरून उघडेना. म्हणून घराला वळसा घालून पुढे आले. कोपऱ्यावरूनच मला नाना दिसले. ते खुर्चीत पुढे वाकले होते. पेला कुंडीच्या कडेला टेकवून त्यांनी पाणी हळूहळू ओतलं, वाळू उडू नये, आवाज होऊ नये इतकं सावकाश. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं त्याची कड पुसली. खरं तर प्यायल्यासारखी ओली दिसायला हवी, त्यांनी उलट पुसली. मास्तरच ते, सगळं नीटनेटकं. मग दुसरा पेला उचलला.

मी कपडे छातीशी धरून मागे सरकले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पदर ओला झाला तरी कळलं नाही.

झाडासाठी राग आला असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. झाडासाठी नव्हता. बापालासुद्धा माझ्या हातचं पाणी चालत नाही, याचा होता. आई निदान तांब्या समोर ठेवून नाही म्हणायची. नानांनी मला दीड महिना फसवलं. मी त्या रिकाम्या पेल्यांवर जगत होते आणि त्यांनी ते माझ्या आईच्या झाडात ओतून ते सडवलं होतं. अडीच-तीन तास एसटीत बसून येणारं, मुतखड्याचं दुखणं असणारं माणूस. ओठ कोरडे पडलेले, आणि समोरचं पाणी मातीत घालतंय. त्याची मला दया यायला हवी होती. नाही आली. मला फक्त एवढंच वाटलं की थांबा, आता बघते कुठे ओतता.

त्या दिवशी मी नेहमीसारखी पुढे गेले. हसून निरोप दिला.

पुन्हा सडलेलं कापलं. दोन बोटांचा तुकडा राहिला. तो वाळवून एका लहान मडक्यात निव्वळ वाळूत लावला आणि पुढच्या खोलीत, ओलीपासून दूर, सगळ्यात वरच्या फळीवर खिडकीशी ठेवला. मोठी कुंडी मोकळी करून मागे नेऊन पालथी घातली. कढीपत्ता, मोगरा, सगळं ओट्यावरून उचललं. आत्या बघत होत्या. ओटा झाडून लख्ख केला. पाण्याचा थेंब पडला तरी दिसेल असा.

पुढच्या गुरुवारी नाना आले. मी पेला नाही, तांब्या भरून आणला आणि पेला वर पालथा घातला. आणि आत गेले नाही. त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसले.

त्यांनी सवयीनं उजवीकडे बघितलं. "कुंडी कुठे गेली गं?"

"आत ठेवली. फार ओल व्हायला लागली होती तिला."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मला सगळं कळलंय हे त्यांनी ओळखलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मास्तर माणूस; चाळीस वर्षं पोरांच्या चेहऱ्यावरून चोरी ओळखलेली. पण मी त्यांचीच मुलगी, मीही चेहरा दगडासारखा ठेवला.

"प्या ना, नाना. डॉक्टर ओरडतील."

त्यांनी पेला भरला. हातात धरला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, ती जाईपर्यंत थांबले. मग पेला तोंडाला लावला आणि प्याले. घटाघटा नाही, औषध घेतात तसं, एकेक घोट. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. पाणी खाली उतरलं की नाही ते बघत होते, खोटं कशाला बोलू. एक पेला संपला तसा मी दुसरा भरला. तोही प्याले.

मला जिंकल्यासारखं वाटलं. माहेरचं माणूस माझ्या घरचं पाणी प्यालं. सहा वर्षांनी. जाताना नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नेहमी ठेवायचे नाहीत. "बठ्ठं बरं होई," म्हणाले, सगळं बरं होईल. घरात ते प्रमाण मराठी बोलायचे. अहिराणी फक्त आईशी बोलायचे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ते आले नाहीत. पोस्टकार्ड आलं: आता त्रास कमी आहे, प्रवास झेपत नाही, धुळ्यालाच एका डॉक्टरांना दाखवतो, काळजी नसावी. मी म्हटलं, बरं.

आणि झाडानं उचल घेतली. दसऱ्याच्या आत त्या दोन बोटांच्या तुकड्याच्या खाचेतून तांबूस टोक बाहेर आलं. रोज वाढायचं. त्याला मी आठवड्यातून दोन चमचे पाणी घालायचे आणि दुसरं कोणी हात लावायचं नाही. दिवाळी झाली आणि मला दिवस राहिले. सहा वर्षांनी. आत्यांनी माझी दृष्ट काढली. मी नानांना पत्र लिहिलं. त्यात झाडाचंही लिहिलं, की आईचं झाड जगलं. तेव्हा वाटायचं, आता सगळं मार्गाला लागलं.

पौषात, आईच्या वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी, तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला होतं असं बऱ्याच जणींचं, कोणाची चूक नसते. आत्यांनी मला आठ दिवस पाण्याच्या पेल्यालाही उठू दिलं नाही.

नाना आले. ओट्यापर्यंत आले आणि खुर्चीतही बसले नाहीत, पायरीवर बसले. मी शाल गुंडाळून दारापर्यंत गेले. त्या पाच महिन्यांत ते इतके वाळले होते की सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.  मग खाली बघतच बोलायला लागले.

"तुझी आई रीत म्हणून पाणी घेत नव्हती असं तुला वाटायचं. रीत ती मानायची, पण एवढी नाही. तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा ती देवीला बोलली होती, पोरीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की फळत नाही म्हणे. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, माझं अर्धं राहिलं, तुम्ही पुरं करा. मी हो म्हटलं."

मी दाराची चौकट धरली.

"एवढंसं काम होतं," नाना म्हणाले. "तेही जमलं नाही मला. त्या दिवशी फार तहान लागली होती गं. ऊन लागलं होतं. राहवलं नाही आणि प्यालो. तुझं हे माझ्यामुळे झालं."

श्रावणातला दिवस होता तो. आभाळ भरून आलेलं होतं. कसलं ऊन?

मी नवस मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पाणी प्याल्यानं पोटातलं पोर जात नाही, एवढं शिक्षण नानांनीच मला दिलं होतं. ते मी त्यांना सांगितलंही. "असं काही नसतं, नाना," म्हटलं. ते मान हलवत राहिले. हे वाक्य त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. उपयोगाचं वाक्य दुसरं होतं: नाना, मी तुम्हाला कुंडीत पाणी ओतताना बघितलं होतं, आणि तुम्हाला प्यायलाच लागावं म्हणून मी कुंडी मुद्दाम उचलली. तुम्ही वचन मोडलं नाही, मी मोडायला लावलं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण आत्या आत होत्या, हे कोपऱ्यात उभे होते, आणि मला माझीच लाज वाटली. म्हटलं, पुढच्या वेळी एकटे भेटले की सांगू.

त्यानंतर नाना दोन वर्षं होते. मी धुळ्याला कितीतरी वेळा गेले, त्यांच्यासाठी स्वयंपाक केला, त्यांच्या पायांना तेल लावलं, तासन्‌तास एकटी त्यांच्याशेजारी बसले. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. ते कोणासमोरही म्हणायचे, "पोरीचं माझ्यामुळे राहिलं." शेजारी समजूत घालायचे. मी भाजी निवडत असायचे. शेवटी त्यांची किडनी गेली. शेवटचे दोन दिवस ते पाणीच घेत नव्हते. ओठ मिटून घ्यायचे, मी चमचा लावला तर मान फिरवायचे. ते घर त्यांचं होतं, पाणी त्यांच्या माठातलं होतं, हे मी त्यांना परत परत सांगत होते.

झाड आता पुरुषभर उंच आहे. दर वर्षी फुलतं, लोक पान मागतात, मी देते, आणि पाणी कमी घाला म्हणून बजावते. तहान लागली होती असं नाना का म्हणाले, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. मीच प्यायला लावलं हे झाकून मला वाचवायला म्हणाले असतील, तर त्यांना सगळं ठाऊक होतं. खरंच तसं समजत असतील, तर ते स्वतःला दोष देत गेले. दोन्हींतलं काय, हे विचारायला मला कुंडीचं ते एकच वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते मी बोलले नाही.